तिला काही होत नाही

सकाळचे नऊ वाजले की त्या घरातल्या तिन्ही खोल्या पुरुषांच्या होऊन जात. बाहेरच्या खोलीत दादा टीव्हीवर साथीचे आकडे बघत बसे. आतल्या खोलीत धाकटीचा नवरा दार लोटून संगणकावर इमारतींचे नकाशे काढी. मधल्या खोलीत सासूबाई पडून असत. त्या काही पुरुष नव्हत्या, पण घरातल्या कुठल्याही वादात त्यांचा कौल कुणाकडे जाणार हे आधीच ठरलेलं असे, तेव्हा तीही खोली त्यांच्यातच धरायला हरकत नाही. उरलं स्वयंपाकघर. तिथे थोरली जाऊ, दादाची बायको. आणि धाकटी आपला मोबाइल, वही आणि पाण्याची बाटली घेऊन गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसे. शेवटच्या पायरीवर, बंद दाराला पाठ लावून. तिचं कार्यालय ते.

साथ येऊन तीन महिने झाले होते. धाकटी आरोग्य विभागात नोंदणीचं काम करायची. आता सगळ्यांना घरी बसवून विभागाने एक पाहणी काढली होती. साथीमुळे लोकांच्या मनावर किती ताण आलाय, ते फोन करून विचारायचं. प्रत्येक घरातला एक पुरुष आणि एक बाई. दोघांना तेच वीस प्रश्न. झोप लागते का, छातीत धडधडतं का, रडू येतं का, मन मोकळं करायला कुणी आहे का. उत्तरं मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायची आणि पाठवायची. दिवसाला तीस घरं.

पुरुष भरभरून बोलत. सुरुवातीला आढेवेढे घेत, "मला कसलं टेन्शन" म्हणत, आणि मग एकदा बांध फुटला की थांबत नसत. धाकटीला त्यांची दयाही यायची. काम गेलेले होते, भाऊ गेलेले होते, दोन दोन महिने उंबरठा ओलांडला नव्हता. ती सगळं मन लावून लिहून घेई आणि शेवटी म्हणे, "आता घरातल्या बाईंना फोन द्याल का?"

तिथे गाडी अडत असे.

"तिचं मी सांगतो ना."

"तिला काय विचारायचंय? ती आधीपण घरातच असायची."

"ती कामात आहे. लिहून टाका, काही त्रास नाही."

कधी बाई फोनवर आलीच, तर प्रत्येक उत्तरानंतर तोंड वळवून "हो ना हो?" असं कुणाला तरी विचारून घेई. एकदाच एक बाई फोन घेऊन बाल्कनीत गेली, वीसच्या वीस प्रश्नांना "ठीक आहे" म्हणाली आणि शेवटी तिने हळूच विचारलं, "तुम्ही उद्या परत फोन कराल का? काम काही नाही. असाच."

धाकटीने वरिष्ठ मॅडमना विचारलं, की नवऱ्याने बायकोचं सांगितलं तर ते धरायचं का. मॅडमचं उत्तर तयार होतं. "दोन्ही फॉर्म भरलेले असले की झालं. घरातलं कुणीही सांगू दे. घरच्या माणसाला माहीत नसणार का?" धाकटी भरत गेली. महिनाअखेरीस विभागाचा पहिला निष्कर्ष आला: ताण पुरुषांना जास्त, स्त्रिया परिस्थितीशी सहज जुळवून घेतात. वर्तमानपत्रात चौकट आली. दादाने ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

दादाला ताण होता, हे त्या घरात सर्वांना पाठ होतं. घरात एखादा मानाचा पाहुणा उतरावा तसा तो ताण बाहेरच्या खोलीत उतरला होता आणि सगळे त्याच्या सरबराईत होते. दादा एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात व्यवस्थापक होता. दुकानाला टाळं लागलं आणि त्याच्या हाताखालची चौदा माणसं नाहीशी झाली. हुकूम सोडायची सवय मात्र जागच्या जागी राहिली. चहा दोन मिनिटं उशिरा आला की कप आदळे. भांड्याचा आवाज झाला की ओरडे. सासूबाई कूस बदलत म्हणत, "हळू गं. त्याच्या डोक्याला त्रास आहे." दुपारी औषध आणायचं निमित्त काढून तो बाहेर पडे आणि मित्राच्या गोदामात चौघे मिळून पत्ते कुटत. सगळ्यांना ते माहीत होतं. "पुरुषमाणूस आहे, त्याला मोकळं व्हायला नको का?" हेही सासूबाईंचंच.

थोरलीचंही काम गेलं होतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती बारा वर्षं मशीनवर बसत होती. शाळा बंद, गणवेश बंद, मशीन बंद. पण तिची नोकरी गेली असं कुणी म्हणालं नाही. आता ती पूर्ण वेळ घरात असते, एवढंच म्हणाले, आणि तेही समाधानाने. धुणीभांड्याची बाई येत नव्हती, तिचं काम थोरलीकडे आलं. भाजी मिठाच्या पाण्यात धुणं, पिशव्या वाळत घालणं, कड्या-कुलपं पुसणं ही नवीन कामं निघाली, तीही तिच्याकडेच. सासूबाईंची साखर सकाळ-संध्याकाळ तपासणं तिच्याकडे आणि त्यातून उरलेल्या वेळात दादाचा ताण. धाकटी फोन संपले की हात लावायची, पण फोन संपायला पाच वाजायचे.

त्या घरात आतून कडी घालता येईल अशी जागा थोरलीसाठी एकच होती, न्हाणीघर. ती दुपारी तिथे जाऊन नळ सोडून दहा मिनिटं बसे. चार-आठ दिवसांत ते दादाच्या लक्षात आलं. "टाकी रिकामी करणार का आता?" तिने नळ सोडणं बंद केलं, नुसतीच बसू लागली. मग आवाज येईना म्हणून दादा दार वाजवू लागला. "अगं, आत काय करतेस?"

"आले, आले," म्हणत ती ओले नसलेले हात पदराला पुसत बाहेर यायची.

पाहणी सुरू झाली तेव्हा सरावासाठी आपल्या घराचा फॉर्म आधी भरायचा होता. धाकटी बाहेरच्या खोलीत दादासमोर बसली. तो पाऊण तास बोलला, तिसऱ्या प्रश्नाला त्याचे डोळे भरून आले. सासूबाई आतून उठून येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. मग धाकटी स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. थोरली ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाजी चिरत होती.

"ताई, झोप लागते का नीट?"

सुरी थांबली. थोरली वळली, तोंड उघडलं. एवढ्यात बाहेरून दादाचा आवाज आला. "तिचं काय विचारतेस? तिला काही होत नाही. लिही, नाही, नाही, नाही, सगळ्याला नाही."

थोरली हसली. "लिही," म्हणाली. "त्यांना चहा हवाय बघ बहुतेक."

धाकटीने वीस वेळा 'नाही'वर बोट ठेवलं. तिलाही घाई होती, अजून एकोणतीस घरं राहिली होती.

पुढच्या पंधरवड्यात गोदामातल्या चौघांपैकी एकाला साथीने गाठलं आणि मागोमाग दादाला. ताप आला, अंग मोडून आलं, वास गेला. डॉक्टर फोनवर म्हणाले, सौम्य आहे, वेगळं राहा, विश्रांती घ्या. आतली खोली रिकामी झाली, कारण तिला स्वतंत्र न्हाणीघर होतं आणि खिडकी मोठी होती. धाकटी आणि तिचा नवरा बाहेरच्या खोलीत आले. दादासाठी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. दर दोन तासांनी काढा, सूप, कापलेली फळं. तो दाराआडून आवाज देई आणि थोरली तोंडाला फडकं बांधून ट्रे घेऊन आत जाई. कपाळावर पट्ट्या ठेवी, चादरी बदली, पाय चेपी. डॉक्टरांनी ट्रे दाराबाहेर ठेवा म्हणून सांगितलं होतं. पण दादा म्हणाला, "मी काय कुत्रं आहे, बाहेरून ताट सरकवायला?" आणि थोरली आत जात राहिली.

आठव्या दिवशी दादाचा ताप उतरला. नातेवाइकांनी फोन करून त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या आणि दादाने खिडकीत उभं राहून हात हलवला.

त्याच दिवशी थोरलीच्या अंगात कणकण होती. ती कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीने तिला ओट्याला धरून उभी राहिलेली पाहिलं. हात लावला, तर चटका बसला.

"ताई, किती ताप आहे."

"कालपासून आहे थोडा. गोळी घेतलीय. उतरेल. मला काही होत नाही गं."

इतक्या वर्षांत ते वाक्य तिच्याही तोंडात बसलं होतं. आणि खरं सांगायचं तर धाकटीनेही त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं. संध्याकाळपर्यंत तीस घरं पूर्ण करायची होती.

तिसऱ्या दिवशी थोरलीला उभं राहवेना, तेव्हा कुठे तिच्या आजाराची घरात चर्चा झाली. चर्चेचा पहिला विषय होता, ती झोपणार कुठे. आतल्या खोलीत दादा होता. त्याचा ताप गेला होता, पण अशक्तपणा होता. "आत्ताच कुठे त्याला जरा बरं वाटतंय, आता कुठे हलवणार त्याला?" सासूबाई म्हणाल्या. स्वयंपाकघरामागे धान्याचे डबे ठेवायची एक अरुंद कोठी होती, खिडकी नसलेली. तिथे दोन डबे एकावर एक सरकवून थोरलीची गादी पडली. पाय पूर्ण लांब करता येत नव्हते.

चर्चेचा दुसरा विषय स्वयंपाक. धाकटीच्या नवऱ्याने मोबाइलवर वाचलं होतं. "उकळलं की जंतू मरतात म्हणे. वहिनींना बसल्या बसल्या भाजी चिरायला तरी हरकत नाही."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला त्या माणसाची किळस आली. किळस अशी, की त्याच्या हातातला मोबाइल, त्याची स्वच्छ कापलेली नखं, त्याचा समजूतदार आवाज, सगळं एकदम नकोसं झालं. ती म्हणाली, "स्वयंपाक मी करते." आणि केला. फोनची घरं तीसवरून बारावर आली. मॅडमचा निरोप आला, काय अडचण आहे? तिने उत्तर दिलं नाही.

चौथ्या दिवशी थोरली बोलताना थांबू लागली. दोन शब्द, मग श्वास. धाकटी आतल्या खोलीच्या दाराशी गेली. "दादा, ऑक्सिमीटर द्या जरा. ताईंचं बघते."

"अगं, माझं अजून तासातासाला बघायला सांगितलंय. त्याची बॅटरी कमी झालीय, आता ती कुठे मिळणार? नंतर बघू." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तिची प्रकृती दणकट आहे. चार वर्षांत ती कधी आजारी पडलेली पाहिलीस का? तिला काही होत नाही. उगाच घाबरवू नकोस, माझी छाती धडधडायला लागते."

पाचव्या दिवशी धाकटी नवऱ्याला म्हणाली, दवाखान्यात न्यायला हवं. तो म्हणाला, "उद्यापर्यंत बघू. दादाला सांगितलं तर तो हाय खाईल. आणि तिथे गर्दी किती आहे, सगळ्यांनाच लागण व्हायची." धाकटीने ऐकलं. पुढे तिला पुष्कळ रात्री झोप लागली नाही ती दादामुळे नाही, नवऱ्यामुळेही नाही. त्या 'उद्यापर्यंत'मुळे. तो शब्द त्याने उच्चारला होता, पण पाळला तिने होता.

सहाव्या दिवशी सकाळी थोरलीची नखं निळसर दिसली. धाकटी न विचारता आतल्या खोलीत शिरली, दादाच्या बोटातून ऑक्सिमीटर ओढून काढलं आणि कोठीत येऊन थोरलीच्या बोटाला लावलं. चौऱ्याऐंशी. दादाचं नुकतंच अठ्ठ्याण्णव दिसलं होतं.

तिने रुग्णवाहिका बोलावली. घरातून बरोबर कुणी आलं नाही. दादाला अशक्तपणा होता, तिच्या नवऱ्याची मीटिंग होती. सासूबाईंना पायऱ्या उतरता येत नव्हत्या. एवढं एक खरं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन," थोरली म्हणाली.

"सहा," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. "रोज हेच ऐकते," एवढंच म्हणाल्या आणि कागदावर सहा लिहिलं.

वॉर्डमध्ये कुणाला आत सोडत नव्हते. थोरलीकडे मोबाइल होता. दुसऱ्या दिवशी तिचा संदेश आला. आयुष्यात तिने पाठवलेल्या मोजक्या संदेशांपैकी तो एक. "इथे कुणी हाक मारत नाही. दोनदा झोप लागली."

त्याच दुपारी दादाने तिला फोन केला. धाकटी तेव्हा ओट्याशी होती, दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं. त्याने तिला दोन वाक्यांत कशी आहेस विचारलं आणि मग वीस मिनिटं आपलं सांगितलं. झोप येत नाही. घर खायला उठतं. आईची साखर कोण बघणार. तू अशी गेलीस तर माझं काय, याचा विचार केलास का. पलीकडून काय उत्तरं येत होती ते ऐकू येत नव्हतं, पण दादा मधूनमधून "हं, हं" करत शांत होत गेला. फोन संपला तो तिथल्या परिचारिकेने काढून घेतला म्हणून. "ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोलतायत त्या," तिने दादाला इतक्या जोरात झापलं की ओट्यापर्यंत ऐकू आलं. "कळत नाही का तुम्हाला?" दादा फोन ठेवून म्हणाला, "काय उर्मट असतात या बायका." मग बाहेर येऊन त्याने चहा मागितला. त्याला जरा बरं वाटत होतं.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी थोरली गेली. दवाखान्याच्या माणसांनीच पुढचं सगळं केलं. घरच्यांना लांबून, काचेआडून दाखवलं. दादा तेवढाही गेला नाही. त्याला ते सोसणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं.

रविवारी सकाळी नातेवाइकांनी व्हिडिओ कॉलवर शोकसभा ठेवली. पडद्यावर चौकटी चौकटींत चेहरे. आत्या, मामा, गणवेशाच्या दुकानाची मालकीण, शेजारी. एकेक जण बोलू लागला. लक्ष्मी होती. सोशिक होती. नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं आणि स्वतः गेली. अशा बायका आता होत नाहीत. मामा म्हणाले, "शेवटपर्यंत तोंडातून तक्रारीचा शब्द नाही." सगळ्या चौकटींनी माना हलवल्या.

"शब्द निघत नव्हता, कारण श्वास पुरत नव्हता," धाकटी म्हणाली. "सहा दिवस त्या..."

तिच्या नवऱ्याने शेजारून हात पुढे केला आणि माइक बंद केला. ती बोलत राहिली. पडद्यावर तिचे ओठ हलत होते आणि चौकटीतले लोक तिच्याकडे सहानुभूतीने बघत होते. बिचारीला जावेचं फार लागलंय, असं त्यांना वाटलं असावं. नवरा हळूच म्हणाला, "ही वेळ आहे का? दादाकडे बघ."

सगळे दादाकडेच बघत होते. गेले चार महिने त्या घरात दुसरीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर धाकटीने बायकांचे फॉर्म नवऱ्यांकडून भरून घेणं सोडून दिलं. "त्या मोकळ्या होतील तेव्हा परत करते," म्हणायची आणि परत करायची, दोनदा, पाचदा. दिवसाला तीस घरांच्या जागी सहा होऊ लागली. मॅडमनी ताकीद दिली. धाकटीने उलट मागचे चारशे बारा फॉर्म रद्द करायला सांगितलं, कारण ते तिने खोटे भरले होते. मॅडम म्हणाल्या, "असं लेखी देऊ नकोस, तूच अडकशील." तिने लेखी दिलं. त्याचं पुढे काय झालं ते तिला कळवण्यात आलं नाही. पण यादीतली घरं तिच्याकडून काढून घेतली नाहीत, एवढं खरं.

सहा आठवडे झाले आणि मामांनी दादासाठी एक स्थळ आणलं. वाचनालयात काम करणारी, छत्तिशीतली, आई-वडील नसलेली, भावाकडे राहणारी बाई. "एवढ्यात?" असं धाकटीने विचारलं, तर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "त्याचे हाल बघवतात का? रात्र रात्र जागा असतो. बाईमाणूस नसलं की पुरुष कोलमडतो गं. आम्ही बायका कशाही निभावून नेतो."

त्या बाईचा भाऊ चौकशीला फोन करायचा. एकदा सासूबाईंनी घेतला. धाकटी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. "पहिली फार गुणाची होती," सासूबाई सांगत होत्या. "साथीने एका दिवसात नेली. काही करायला वेळच मिळाला नाही बघा. माझ्या लेकाने जिवाचं रान केलं."

धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. अंगावर पाल पडावी तसं झालं तिला. म्हातारी खोटं बोलली याचं तिला तितकंसं वाटलं नाही. म्हातारीला ते खरं वाटत होतं. सहा आठवड्यांत कोठी पुसली गेली होती, डबे जागेवर गेले होते, आणि थोरलीचे ते सहा दिवस जणू उगवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर बसून धाकटीने तो नंबर लावला. भावाने उचलला.

"मला तुमच्या बहिणीशी बोलायचंय."

"ती कामात आहे. मला सांगा, मी सांगतो तिला."

"तुम्हाला नाही. त्या मोकळ्या होईपर्यंत थांबते मी फोनवर."

बरीच कुजबुज झाली. मग एक सावध आवाज आला. "बोला."

धाकटीने आपण कोण ते सांगितलं आणि मग जे झालं ते सगळं सांगितलं, जसं झालं तसं. पत्ते, आतली खोली, कोठी, ऑक्सिमीटर, वॉर्डमधला फोन. कुठे रंग चढवला नाही. शेवटी पलीकडच्या बाईने विचारलं, "त्या सहा दिवसांत तुम्ही कुठे होतात?"

हा प्रश्न धाकटीला आजवर कुणी विचारला नव्हता. "तिथेच होते," ती म्हणाली. "पाच दिवस मीही थांबले. म्हणून तुम्हाला फोन केलाय."

"लग्नाला माझा भाऊ तयार आहे," ती बाई म्हणाली. "मला अजून कुणी विचारलं नाही."

"मी विचारते. तुमची इच्छा आहे का?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, बहुधा खोलीत उभ्या असलेल्या कुणासाठी तरी, "नाही."

संध्याकाळी नकार आला, आणि तो कुणामुळे आला तेही कळलं. घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या, घरभेदी निघालीस. दादा डोकं धरून सोफ्यावर बसला आणि आपल्याला घरातलीच माणसं जगू देत नाहीत असं भिंतीला सांगू लागला. धाकटीचा नवरा तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि त्याच त्या समजूतदार आवाजात म्हणाला, "दादाची माफी माग आणि विषय संपव. त्याची अवस्था बघतेस ना?"

"बघते."

"मग?"

"माफी मागणार नाही. आणि ज्यांना आजवर खरं सांगितलं नाही, त्या सगळ्यांना सांगणार आहे. मामांना, आत्यांना, सगळ्यांना. माइक बंद करायचा तर तुला माझ्यामागे जिन्यावर येऊन बसावं लागेल."

"तू अशी नव्हतीस."

"नव्हते. म्हणून ताई गेल्या."

तो बाहेर निघून गेला. धाकटी मधल्या खोलीत आली. सासूबाईंची साखर तपासायची वेळ झाली होती. ती त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांचं बोट हातात घेतलं. म्हातारीने तोंड फिरवलं, पण बोट काढून घेतलं नाही.

बाहेरून दादाचा आवाज आला. "पाणी."

धाकटी उठली नाही.

"अगं, पाणी आणतंय का कुणी?"

सासूबाई सवयीने उठायला गेल्या. गुडघे धरून, कण्हत. धाकटीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा, आई. तुमचे गुडघे दुखतात. त्यांचे पाय धड आहेत."

म्हातारी अर्धवट उठलेली तशीच राहिली. मग बसली. बाहेर टीव्हीचा आवाज थांबला. दादाची पावलं स्वयंपाकघरात गेली. एक फडताळ उघडलं, दुसरं उघडलं, काहीतरी खाली पडलं. त्या घरात जन्मलेला, अठ्ठेचाळीस वर्षांचा, चौदा माणसांवर हुकूम चालवलेला पुरुष ओट्याशी उभा राहून ओरडला, "पेले कुठे असतात?"

सासूबाईंनी सांगायला तोंड उघडलं. धाकटीकडे पाहिलं. आणि पुन्हा मिटलं.